जात्यावरची सुई

आश्विनातली सकाळ. पहाटे अंगाला जरा गार लागलं होतं, पण दिवस कासराभर वर आला की ऊन कातडं सोलणार, हे जळगावात कोणी कोणाला सांगत नाही. हिलालनं पिंप्राळ्यातल्या खोलीतून सायकल काढली तेव्हा रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग मांडणं चाललं होतं. खंडेनवमी होती. दाळमिला काल संध्याकाळीच थांबल्या होत्या. पिठाच्या गिरण्यांचे पट्टे उतरले होते. गॅरेजवाले पाने-हातोडे रॉकेलनं पुसून कपड्यावर मांडत होते, आणि ट्रकच्या तोंडाला केळीचे खुंट बांधून ड्रायव्हर लोक आंघोळ केलेल्या पोरांसारखे चकचकीत उभे होते. यंत्रांना सुट्टी आणि माणसांना काम, असा हा वर्षातला एकच दिवस.

हिलाल त्याची वाट वर्षभर पाहायचा. झेंडूसाठी नाही, शांततेसाठी.

कॉलेजच्या फाटकात झिपरू शिपाई बसला होता. हा यावलकडचा माणूस, केळीच्या बागा सोडून नोकरीला आलेला, त्याला कारण विचारलं की म्हणायचा, केळीला बोलता येत नाही म्हणून. रोज सकाळी हिलाल आला की त्याचा एकच सवाल ठरलेला.

"आला का अणू, सर?"

"नाही आला, झिपरूभाऊ."

"येईन, येईन. सणावाराचं आहे, गाड्यांना गर्दी आसन."

हिलाल हसला नाही, पण त्याला राग पण आला नाही. अख्ख्या कॉलेजात त्याच्या कामाची रोज चौकशी करणारा हा एकच माणूस उरला होता.

मागच्या अंगाची, चिंचेखालची खोली त्याची. खोली कसली, बोळ. आत शिरलं की डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला भिंत, पार टोकाला टेबलावर संगणक, आणि मधोमध छताच्या तुळईला लटकलेलं एक जातं. खरंच जातं. जात्याची जडशीळ खालची तळी, सायकलच्या जुन्या ट्यूबांच्या चार पदरी झोळीत घालून टांगलेली. तिच्यावर काचेची हंडी, आणि हंडीखाली हिलालचा सूक्ष्मदर्शक. नवा माणूस आला तर त्याला आधी हसू यायचं. पण दोन वर्षांत नवा माणूसच आला नव्हता.

त्यानं पंखा लावला नाही. पंख्याचा वाराही चालायचा नाही. स्टुलावर बसून त्यानं प्लॅटिनमची तार घेतली, केसाहून थोडी जाड. एका हातात चिमटा, एका हातात कात्री. कात्री तिरपी धरायची आणि कापता कापता तार ओढायची, म्हणजे ती कापली जाते कमी आणि तुटते जास्त. तुटल्या टोकाला बाजरीच्या कणसावरच्या कुसळासारखं काहीतरी उरतं, आणि त्या कुसळाच्याही शेंड्याला नशीब असेल तर एकच अणू. डोळ्यांना काही दिसत नाही. चांगली सुई आणि भाकड सुई, दोन्ही दिसायला सारख्याच. लावून बघायची, तेव्हाच कळायचं.

सुई त्यानं हंडीखाली बसवली, स्क्रू फिरवत नमुन्याच्या जवळ नेली आणि संगणकासमोर येऊन बसला.

नमुना म्हणजे नखाएवढा एक स्फटिकाचा तुकडा आणि त्याच्यावर काळ्या लोहचुंबकी ऑक्साइडचा थर, इतका पातळ की कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढे गोणपाट ठरावा. पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन हिलालनं तो थर बसवून आणला होता. हा थर अणूंच्या पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, एक पायरी पुरी झाली की दुसरी, असं त्याचं म्हणणं होतं. लेख लिहून बाहेर पाठवला होता. तिकडून निरोप आला होता की म्हणणं पटतं, पण पायऱ्या दाखवा.

पुणेवाले भली माणसं. ते म्हणाले होते, तुकडा इकडे घेऊन या, आमच्या मशीनवर चित्र काढून देतो, तुमचंही नाव घालतो. हिलालनं मान हलवली आणि तुकडा घेऊन जळगावची गाडी पकडली. चित्र निघायचं तर ते मोतीलाल सरांच्या मशीनवरच निघायला हवं होतं. कारण दिवाळीनंतर ही खोली कॉम्प्युटरच्या क्लासला द्यायची असं वर ठरलं होतं, आणि प्राचार्य तोंडानं गोड बोलून गेले होते, "या यंत्रातून काही निघालं तर सांगा, हिलालराव. मग मला वर बोलता येईल." निघालं नाही तर यंत्र भंगारात, हे त्यांनी बोलायचं टाळलं होतं.

मोतीलाल सर म्हणजे त्याचे गुरू. असल्या मशीनचा शोध लावणाऱ्यांना मोठं बक्षीस मिळाल्याचं सरांनी पेपरात वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाले, "हे आपल्याला घरी करता येईल." वर्ग हसला. हिलाल एकटा हसला नाही, म्हणून सरांनी त्याला धरलं. त्यानंतर वर्षानुवर्षं दोघं मुंबईच्या बाजारातून सुटे भाग आणत होते, कथलाचे डाग देत होते, मोडत होते, परत जोडत होते. सगळं जमलं, पण यंत्र थरथरायचं. सुई नमुन्यावरून इतक्या कमी अंतरानं फिरायची की पलीकडच्या रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला तरी पडद्यावर लाट यायची, दाळमिल चालू झाली तर पडदाभर नांगरट व्हायची. वाळूची पेटी करून पाहिली, शहाबादी फरशी टांगून पाहिली. शेवटी सर म्हणाले, "जड पाहिजे, गोल पाहिजे, आणि ठोकलं तर वाजता कामा नये. तुमच्याकडे असं काही आहे का रे घरी?"

हिलालच्या घरी होतं. गाव नरडाण्याच्या पुढे, पांझरेच्या काठी. गावात गिरणी आल्यापासून मायचं जातं ओसरीला पडून होतं. त्यानं ते गोणपाटात बांधून पॅसेंजरमध्ये घातलं. तिकीट तपासनिसानं गोणपाटाला बूट लावून विचारलं, "काय आहे?" हिलाल म्हणाला, जातं. तपासनीस म्हणाला, "लग्न कोणाचं?" डब्यातले लोक हसले. हिलालचं लग्न तेव्हा व्हायचं होतं आणि अजूनही व्हायचंच होतं. शिरपूरकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलीच्या बापानं विचारलं, "तुमचं मशीन काय दाखवतं?" हिलाल खरं बोलला, "जे दिसत नाही ते." त्या गृहस्थानं चहा पुरा प्यायला, बशी पालथी घातली आणि पुन्हा त्या गावाला आला नाही.

जातं आलं आणि थरथर निम्म्यानं गेली. सर त्या दिवशी जात्यापुढे हात जोडून उभे राहिले होते, अर्धे थट्टेनं, अर्धे खरे. दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली, 'हात लावू नये'. पुढे एका वैशाखात भर दुपारी छातीत कळ येऊन सर गेले. पाटी राहिली. तेव्हापासून हिलाल एकटा. बोलायला कोणी नसलं की माणूस यंत्राशी बोलायला लागतो; हिलालचं तेही सुटलं होतं, कारण बोललं तरी पडद्यावर लाट यायची.

गणपतीपासून तो या थरावर पायऱ्या शोधत होता. जिथे सुई उतरवावी तिथे नुसती ढेकळं. सुई एका वेळी पाहते तो पट्टा इतका लहान की त्या नखाएवढ्या तुकड्यात तसले अगणित पट्टे बसावेत, आणि कुठे उतरलो हे सांगायला ना गाव ना खूण. डोळे बांधून माणसाला सातपुडा आणि अजिंठ्याच्या मध्ये कुठेतरी सोडावं, तसं.

आज मिला बंद होत्या. रस्ता गप्प होता. चिंचेवर चिमण्या होत्या तेवढ्याच. पडद्यावर रेघेखाली रेघ उमटत गेली. पहिल्यांदा काही नाही, मग काहीतरी तिरपं, मग त्याच्या बाजूला त्याच्यासारखंच तिरपं. हिलाल पुढे झुकला.

पायऱ्या होत्या. एकीखाली एक, एकसारख्या, एकेका थराच्या उंचीच्या. मधली पठारं सारवल्यासारखी सपाट.

त्यानं डोळे मिटले, उघडले. होत्याच. त्यानं मागे वळून पाहिलं. कोणाला सांगावं म्हणून माणूस वळतो, तसा वळला होता. मागे जातं लटकत होतं आणि दार होतं.

चित्र साठवायला एक कळ दाबायची होती. त्यानं बोट नेलं आणि मागे घेतलं. साठवताना सुई वर उचलली जायची, आणि एकदा उचलली की तीच जागा परत मिळायची नाही. पायऱ्या तिरप्या येत होत्या. सकाळचा गारवा जाऊन ऊन चढत होतं, हंडीखालचं धातूचं बूड तापून कणाकणानं सरकत होतं, आणि चित्र त्याच्याबरोबर वाकत होतं. दुपारपर्यंत खोली एका तापावर आली की पायऱ्या सरळ होणार. वाकडं चित्र पाठवलं तर लोक म्हणणार, मशीनच वाकडं आहे. मोतीलाल सरांच्या मशीनचं पहिलं चित्र वाकडं नको. बसून राहायचं. एवढी वर्षं बसलो, दुपारपर्यंत बसू.

दिवस बराच वर आला असेल, तेव्हा दार लोटून कोणी आत डोकावलं आणि गावाकडच्या अहिराणीत विचारलं,

"आठेच ऱ्हास का रे तू?"

हिरवं नऊवारी, हातात कापडाची पिशवी, कपाळावर घाम. झुंबरबाई. हिलालची माय.

"माय, तू? एकली उनी?"

"एकली कसाले? अख्खी गाडी भरेल व्हती." ती आत आली. "तू सणले येस नही, ते मीच उनू. तसं काही तुनाकरता नही उनू. मना जाताकरता उनू. तीन सालपाईन बिचारंले हयद-कुकू नही. तुना बाप तठे औतनी पूजा करी राहिना, आनि मना जीव आठे."

पहाटे उठून तिनं नरडाण्याहून पॅसेंजर धरली होती आणि स्टेशनवरून रिक्षावाल्याला 'जातं टांगेल शे ती शाळा' असा पत्ता सांगितला होता. फाटकावर झिपरूनं तो पत्ता बरोबर ओळखला.

मग तिची नजर वर गेली. ट्यूबांच्या झोळीत तिची तळी लटकत होती, तिनं लग्न होऊन आल्यापासून हात फिरवून गुळगुळीत केलेली. ती पाहतच राहिली.

"हाई काय करी ठेवं रे? झोकामा निजाडं का इले?"

"निजाडेलच शे. जागं व्हवाले नको."

"मंग हयू बोल," ती म्हणाली आणि तिनं स्वतःचाच आवाज खाली आणला.

हिलालला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं असेल, गालाला जरा अवघडल्यासारखं वाटलं. त्यानं तिला भिंतीच्या कडेनं सांभाळून टेबलापाशी नेलं आणि स्टुलावर बसवलं. ती पडद्याकडे पाहायला लागली. आणि मग तिनं तो सवाल केला, जो सर गेल्यापासून त्याला कोणी केला नव्हता.

"काय देखस तू याम्हा? माले सांग बरं."

बांध फुटावा तसा तो बोलायला लागला. "माय, तू खापरवर मांडा टाकाना पहिले वर हात धरस. टेकस नही. तरी तुले समजस ना, खापर तपनं का नही?"

"समजस."

"तशीच हाई सुई. टेकस नही. वरथीनच समजी लेस, खाले उंच शे का खोल शे."

"कसानं उंच-खोल?"

"पांझरानी कायी रेती याद शे? रेडिओना फुटेल भोंगानं लोहचुंबक दोरीले बांधीसन मी फिराये ती?"

"याद नही ऱ्हावाले काय झायं. मना लुगडाना पदर भरी आनस व्हता. धुई धुई मना हात भरी येत."

"तीच शे हाई. तिनाच पातय थर."

त्या काळ्या रेतीचा थर बघायला म्हातारीनं मान पुढे केली. हिलाल तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. आता ती म्हणेल, काही समजत नाही बाबा. सगळे तेच म्हणायचे, आणि त्यानंतर घड्याळाकडे बघायचे.

"हाई ते वावर शे," ती म्हणाली.

"वावर?"

"बांध शेत ना हाई. हाऊ एक, हाऊ दुसरा. उतार इकडे शे, नदीकडे." तिचं बोट पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे गेलं. उतार तिकडेच होता. "कोनी घाला रे इतला सारखा बांध?"

"कोनीच नही. आपोआप पडनात."

"आपोआप," ती म्हणाली. तिला ते काही फारसं पटलं नाही. बांध घालायला माणसं लागतात, हे तिच्या कमरेला ठाऊक होतं. पण लेकाच्या वावरात कशाला हरकत घ्यायची, अशा बेतानं तिनं पदरानं कपाळ पुसलं.

हिलालच्या अंगात काहीतरी सैल झालं. दिसतं. माझ्याखेरीज दुसऱ्या माणसाला दिसतं. त्याला एकदम आठवलं की माय पहाटेपासून प्रवास करून आलीय आणि आपण तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. माठ दाराबाहेर, चिंचेच्या सावलीत होता. तो कडेकडेनं बाहेर गेला, तांब्या विसळला, भरला. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते बरं वाटलं. दुपार जवळ येत होती. पायऱ्या सरळ होत होत्या.

एक गोष्ट तो विसरला. पूर्वी या खोलीत कोणी आलं की दारातच त्याचं वाक्य सुरू व्हायचं, कशाला हात लावू नका. मग माणसं यायची थांबली आणि ते वाक्य तोंडातून निघून गेलं. दारावर सरांची पाटी होती, पण झुंबरबाईला वाचता येत नव्हतं. आणि वाचता आलं असतं तरी काय, तिच्या जात्याला तिनं हात लावू नये हे तिला कोण सांगणार?

तो तांब्या घेऊन वळला तेव्हा ती जात्यापाशी उभी होती. पिशवीतली पुडी तिनं सोडली होती. तळहातावर ओली हळद, आणि तिची पाच बोटं तळीच्या कडेवर टेकलेली. दाबलीही नव्हती तिनं. झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

तिच्या खांद्यावरून त्याला पडदा दिसला. जिथे रेघ उमटत होती तिथे ती एकदम वर उडाली आणि पांढरी पडली. सुई खाली टेकली होती.

जुनं चित्र अजून पडद्यावर होतं. वरून नवी रेघ यायची आणि जुनी एक पुसून जायची. वर चार बोटं पांढरं, खाली अजून सगळ्या पायऱ्या शाबूत. आत्ता जाऊन कळ दाबली तर अर्ध्याहून जास्त चित्र हाताला लागणार होतं. वाकडं, अर्धं, पण लागणार होतं. मध्ये बोळ, आणि बोळात माय. तिला खांद्याला धरून बाजूला सारल्याशिवाय टेबलापाशी पोचायला वाट नव्हती.

ती पुटपुटत होती. त्यानं कान दिला. ती जात्याशीच बोलत होती, लेकाविषयी. "मना आंडोरले सांभाय. तो एकला ऱ्हास. तुनाशिवाय त्याना जोडे कोनी नही."

हिलाल तांब्या धरून उभा राहिला. रेघा खाली खाली येत गेल्या. पहिला बांध गेला, दुसरा गेला. तिनं हळदीवर कुंकवाची बोटं उमटवली, झेंडूचं फूल ठेवलं, ते घरंगळलं, परत ठेवलं. तिनं डोळे उघडले तेव्हा पडदा वरपासून खालपर्यंत पांढरा झाला होता.

"झायं," ती म्हणाली. "आते नारय फोड." आणि मग पडद्याकडे पाहून, "हाई रे काय झायं? वावर कथा गये?"

"दम लेवाले बसनं."

"मी हात लावा म्हनीसन?"

"नही माय. ते आशेच करस." त्यानं तांब्या तिच्या हातात दिला. "पानी पे."

नारळ त्यानं उंबऱ्यावर फोडला. एकाच दणक्यात फुटला, पाणी दारभर उडालं आणि एक कवड चिंचेच्या मुळापर्यंत गडगडत गेली. आता कितीही जोरात आपटला तरी चालणार होता. माय म्हणाली, "जरा हयू. इतला राग नारयवर?" तो म्हणाला, "घट व्हता." कठीण होता, एवढंच.

मग दोघं चिंचेखाली बसून जेवले. तिनं कळण्याच्या भाकरी आणल्या होत्या, लाल मिरचीचा ठेचा, आणि फडक्यात बांधून मांडे, जे प्रवासात मोडून त्यांचा चुरा झाला होता. झिपरूला पण तिनं हाक मारली. तो खोबरं चघळत म्हणाला, "अक्का, तुमच्या पोराले सांगा, अणू येत नाही तर सोडून द्या म्हणा. दुसरं काही तरी बोलवा म्हणा."

झुंबरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "त्याना वावर माले दिसनं," ती म्हणाली. "तुले दिसनं का?"

"मले कुठी दाखवतात सर."

"मंग खोबरं खा."

परतीची पॅसेंजर दुपारची होती. फलाटावर तिनं उद्याच्या दसऱ्याला घरी चलायचा विषय पुन्हा काढला. सकाळपासून दोनदा काढला होता.

"चाल ना घर. सकाय दसरा शे. तुना बाप वाट देखी राहिना. सोनं वाटानं, जेवन करानं, परवा ये."

"सकायभी मिल बंद शेत, माय. आनखी एक दिन भेटी राहिना."

तिनं ओढून धरलं नाही. खिडकीपाशी जागा मिळाली, तिनं पिशवी मांडीवर घेतली. गाडी हलायच्या आधी तिनं त्याला बोटानं जवळ बोलावलं.

"मना हातथीन काही बिघडनं व्हई ते सांगी दे. मी काही रडाव नही."

"काही नही बिघडनं."

ती जराशी हसली. "तुना बापभी आशेच खोटं बोलस," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

दसऱ्याचा सबंध दिवस तो सुई उतरवत राहिला. आदल्या दिवशीची सुई मुडपून गेली होती, तिच्या जागी नवी घातली, ती भाकड निघाली, तिच्या जागी आणखी एक. थराला काही झालं नव्हतं. इतक्या मोठ्या रानात एका ठिकाणी टोचलं तर काय होतं. पण ते ठिकाण परत मिळणार नाही हे त्याला पहिल्या तासातच कळलं होतं. इथे ढेकळं, तिथे ढेकळं. एकदा लांबवर कड्यासारखं काही दिसलं, जवळ गेला तर तारेच्याच टोकाची सावली. बाहेर शांतता अशी होती की पिंप्राळ्याच्या बाजूनं कोणाच्या तरी रेडिओवरचे शब्दसुद्धा ऐकू येत होते. ती शांतता तशीच वाया जात होती.

दिवस कलला तेव्हा त्यानं हात थांबवले. त्याला मोतीलाल सरांची आठवण आली, आणि मग लक्षात आलं की आपण सरांना चित्र दाखवायला निघालो नव्हतोच. आपल्याला कोणीतरी शेजारी बसून 'दिसलं' म्हणायला हवं होतं. तसं म्हणणारं एक माणूस काल येऊन गेलं होतं. त्याचं म्हणणं कुठल्या लेखात घालता येणार नव्हतं, प्राचार्यांना वर बोलायला त्याचा उपयोग नव्हता, आणि यंत्र त्यानं वाचणार नव्हतं. तेवढं सोडलं तर त्यात काही कमी नव्हतं. पण तेवढं सोडता येत नव्हतं. त्यानं हंडीवर हात ठेवला. काच कोमट होती.

दारात झिपरू आला, धुतलेलं धोतर, हातात आपट्याची डहाळी. त्यानं दोन पानं तोडून पुढे केली.

"सोनं घ्या, सर. सोन्यासारखे राहा." आणि सवयीनं, "आला का अणू?"

हिलालनं पानं घेतली. एक खिशात घातलं.

"येऊन गेला, झिपरूभाऊ."

झिपरूनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टा आहे की काय ते त्याला ठरवता येईना. "मंग बसवून घ्यायचं ना," तो जरा हळू आवाजात म्हणाला. "मले आवाज द्यायचा. चहा पाजला असता."

"घाईत होता."

"आसन. सणाचं आसन," झिपरू म्हणाला, आणि उरलेली पानं वाटायला पुढच्या आळीत गेला.

उद्या सकाळी दाळमिल चालू होणार होती. हिलालनं उंबऱ्यापाशी राहिलेले नारळाच्या शेंडीचे धागे झाडून टाकले. जात्याच्या कडेवर हळदीची पाच बोटं वाळून तडकायला लागली होती. फडकं हातातच होतं, पण त्यानं ती पुसली नाहीत. दुसरं पान त्यानं झेंडूच्या फुलाशेजारी, झोळी हलणार नाही अशा बेतानं, अलगद ठेवलं. मग तो स्टुलावर बसला, तारेचं भेंडोळं जवळ ओढलं, एका हातात चिमटा घेतला, एका हातात कात्री, आणि उजेड होता तोवर पुढची सुई कापायला घेतली.